माळरानावरचा यांत्रिक

विद्यार्थ्याची रेषा उत्तम, हात स्थिर, नजर बारकावे टिपणारी. पण रंगांच्या तबकडीतील काही छटा मात्र त्याला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १८८५ च्या सुमारास दाखल झालेल्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या तरुणाच्या वाट्याला हे दुर्दैव आले. चित्रकार होण्याच्या ओढीने, वडिलांच्या मनाविरुद्ध आणि थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर तो बेळगाव जिल्ह्यातून मुंबईला आला होता. दोन वर्षे उलटल्यावर आपल्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व आहे हे त्याच्या ध्यानात आले आणि रंगाचा कुंचला खाली ठेवावा लागला. पेन्सिल मात्र त्याने सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढताना रंग लागत नाहीत. लागते ती मापे अचूक उतरवणारी रेषा, आणि ती त्याच्यापाशी होती. महाराष्ट्राच्या कारखानदारीतील एका मोठ्या पर्वाचा आरंभ अशा रीतीने एका अपुऱ्या राहिलेल्या चित्रकाराकडून व्हायचा होता.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते आणि घरात विद्येला मान होता. परंतु ही विद्या पोथीची होती. शाळेतील अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन फारसे रमले नाही. वस्तू उघडून पाहावी, ती कशी चालते हे समजून घ्यावे, बिघडली असेल तर पुन्हा जुळवावी, हा त्यांचा ओढा लहानपणापासूनचा. त्या काळच्या पांढरपेशा घरात अशा मुलाला वाया गेलेला समजत. हातोडी, कानस, भाता ही गावातील सुतार-लोहारांची साधने होती, आणि पांढरपेशांच्या मुलाने त्यांना हात लावायचा नाही, हा अलिखित नियमच होता. लक्ष्मणरावांनी तो मोडला, यात त्यांचे पहिले वेगळेपण दिसते. पुढे त्यांनी जे काही उभारले, त्यामागे हा नियम मोडण्याचे धैर्य सर्वत्र दिसून येते.

कलाशाळेतील यांत्रिक आरेखनाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापनाचे काम मिळाले. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा भायखळ्यास होती. लक्ष्मणराव तेथे रेखाटन शिकवीत. परंतु त्यांचे खरे शिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत झाले. वाफेची एंजिने, लेथ, भोके पाडण्याची यंत्रे हे सारे तेथे डोळ्यांसमोर होते. इंग्रजीतील तांत्रिक पुस्तके वाचावीत, यंत्र पाहावे, हाताळावे, त्याचे भाग कागदावर उतरवावेत, असा त्यांचा क्रम असे. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. परंतु एखादे यंत्र निर्माण करणाऱ्याने ते तसेच का बनवले असावे, हे वस्तू पाहून ओळखण्याची दृष्टी त्यांना या वर्षांत लाभली, आणि पदवीधरांमध्येही ती दुर्मीळच असते.

याच काळात त्यांची गाठ सायकलशी पडली. दोन्ही चाके सारख्या आकाराची, साखळीवर चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागली होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि या वाहनाचा प्रसार झपाट्याने वाढला. मुंबईच्या रस्त्यांवर ही सायकल पाहून लक्ष्मणरावांना तीत व्यवसाय दिसला. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी दोघा भावांची योजना ठरली. नुसत्या विकून भागणारे नव्हते, कारण घेणाऱ्याला त्या चालवता येत नसत. तेव्हा रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवीत. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ या वर्षापासून मोजला जातो, तो या सायकलीच्या दुकानापासून.

दरम्यान मुंबईत एक प्रसंग घडला. संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली. लक्ष्मणरावांचा तिच्यावर हक्क होता. पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्या काळी अशा अन्यायाचे फारसे आश्चर्य कोणाला वाटत नसे, आणि संसारी माणूस तो गिळून पुढच्या संधीची वाट पाहत राही. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. हे साधारण १८९७ चे वर्ष. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि शहर सोडून जाणाऱ्यांच्या झुंडी लागल्या होत्या. त्या गर्दीतून एक शिक्षक पोटाची निश्चित सोय सोडून आपल्या गावाकडे गेला, याची नोंद घेण्याचे तेव्हा कोणाला कारण नव्हते.

बेळगावात दोघा भावांच्या नावाने ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे दुकान चालू लागले. ज्या रस्त्यावर ते होते, तो किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो. सायकली विकणे, दुरुस्त करणे यात उत्पन्न होते; पण लक्ष्मणरावांचे समाधान त्यात होईना. दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकणे हा त्यांच्या मते अर्धाच धंदा होता.

येथे क्षणभर बाहेरच्या जगाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. युरोप-अमेरिकेत त्या वेळी सायकलीच्या दुकानांतून आणि कारखान्यांतून एक नवे युग बाहेर पडत होते. फ्रान्समधील प्यूजो, जर्मनीतील ओपेल, इंग्लंडमधील रोव्हर या मोटारींच्या क्षेत्रातील नामांकित कंपन्यांनी मोटारीच्या आधी सायकली बनवल्या. हेन्री फोर्डने १८९६ मध्ये जी पहिली गाडी रस्त्यावर आणली, तिला सायकलीचीच चार चाके होती. अमेरिकेतील डेटन गावात राइट बंधूंचे सायकलीचे दुकान होते आणि १९०३ च्या डिसेंबरात त्यांचे विमान तेथूनच मिळालेल्या कारागिरीच्या बळावर उडाले. फोर्ड मोटर कंपनीची स्थापनाही १९०३ चीच. आणि याच १९०३ मध्ये बेळगावातील सायकलवाल्या यांत्रिकाने आपली मोठी वस्तू तयार केली. ती होती लोखंडी नांगर.

या निवडीत लक्ष्मणरावांचे सारे व्यवहारज्ञान सामावले आहे. यंत्राची आवड असलेल्या कोणाही माणसाला मोटारीने भुरळ घालावी असाच तो काळ होता. या सुमारास हिंदुस्थानात मोटारी येऊ लागल्या होत्या, पण त्या संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या दारी. त्या दुरुस्त करून एखाद्या संस्थानात मानाची चाकरी मिळवता आली असती, आणि अनेक कुशल यांत्रिकांनी तशी ती मिळवलीही. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्या आसपास पाहिले. ज्या देशातील बहुतेक माणसे शेतीवर जगतात, तेथे सर्वांत अधिक गरज असलेले यंत्र शेताच्या बांधावर उभे असले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग नांगराला हात घातला.

आपला देशी नांगर गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून घडवी. तो जमीन फाडतो, पण मातीची उलथापालथ करीत नाही. कृष्णाकाठापासून थेट कळंब-यवतमाळकडील कापसाच्या पट्ट्यापर्यंत पसरलेल्या काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात, आणि लाकडी नांगराने ती नुसती विंचरली जातात. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पाते असते. ते मातीचा थर उचलून पालथा घालते. तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात आणि खालची माती वर येते. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर हिंदुस्थानात येत होते. परंतु ते महाग होते, आणि एखादा भाग मोडला तर तो सातासमुद्रापलीकडून यायचा.

नांगर दिसायला साधा असला तरी त्याचा फाळ ही अवघड वस्तू आहे. तो इतका कठीण हवा की दगडगोट्यांच्या जमिनीत घासून बोथट होऊ नये, आणि इतका ठिसूळही नको की पहिल्या धोंड्याला तुटावा. ओतीव लोखंड साच्यात थंड होत असताना त्याचा पृष्ठभाग झपाट्याने निववला तर तो कठीण होतो. आतला भाग त्या मानाने मऊ राहतो. रॉबर्ट रॅन्सम याने इंग्लंडमध्ये ही युक्ती १८०३ मध्ये साधली होती. बरोबर शंभर वर्षांनी बेळगावच्या लहानशा ओतशाळेत तोच झगडा नव्याने सुरू झाला. वाळूचे साचे, भट्टीचे तापमान, लोखंडाची प्रत यांचे ज्ञान देणारी शाळा जवळपास नव्हती. चुकलेले ओतकाम फोडायचे, वितळवायचे आणि पुन्हा ओतायचे, हेच शिक्षण.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते आणि ती नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत पसरला होता. लक्ष्मणरावांच्या चरित्रात ही हकीकत नेहमी सांगितली जाते आणि शहरी वाचक ती ऐकून शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसतो. तसे हसणे न्याय्य नाही. गावचा सुतार आणि लोहार बलुत्यावर काम करीत. लाकडी नांगर मोडला तर सुगीला धान्य देऊन तो दुरुस्त होई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे आणि तो बिघडला तर गावात कोणाला तो दुरुस्त करता येत नसे. वर्षाचे पोट ज्या अवजारावर अवलंबून आहे, ते असे परक्याच्या हाती देण्यास शेतकरी कचरला, तर त्यात शहाणपणाचा अंश होताच. विषाची भीती हे त्या शहाणपणाचे बोली रूप म्हणावे लागेल.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देत बसण्याऐवजी हे ओळखले. तयार नांगर बरेच दिवस पडून राहिले. तेव्हा नांगर शेतात नेऊन चालवून दाखवणे, वापरणाऱ्याच्या तक्रारी ऐकून रचना सुधारणे, फाळासारखे झिजणारे भाग स्वतंत्रपणे सहज मिळतील अशी व्यवस्था करणे, या मार्गाने ते गेले. विकलेल्या वस्तूची जबाबदारी विक्रीनंतरही बनवणाऱ्याचीच असते, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती. ती एका सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मनात यावी, हे मात्र स्वाभाविक होते. बिघडलेली वस्तू घेऊन गिऱ्हाईक परत कोणाकडे येते, हे त्याला रोजच दिसत असते.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. ओतशाळा, यंत्रे, माणसे असा सारा बारदाना घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. आयुष्यात दुसऱ्यांदा लक्ष्मणरावांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या निर्णयाने काढून घेतली गेली.

या अडचणीच्या काळात औंध संस्थानातील एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम त्यांच्याकडे आले होते. त्यातून त्यांचा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी स्नेह जुळला. बाळासाहेब १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि स्वतः उत्तम चित्रकार असलेले हे राजे. रंगांनी ज्याला फसवले तो यांत्रिक आणि रंगांत रमणारा हा संस्थानिक यांचे सूर जुळले ही गोष्ट मोठी गमतीची आहे. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या राज्यात जागा पसंत करण्यास सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

औंधचे राज्य सलग नव्हते; तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. त्यातील कुंडल गावाजवळच्या, कुंडल रोड या रेल्वे स्थानकालगतच्या बत्तीस एकर माळाची निवड झाली. रेल्वे जवळ होती, हा एकच त्या जागेचा गुण. बाकी सारा खडक, निवडुंगाची बने आणि साप. पाणी दुरून आणावे लागे. १० मार्च १९१० रोजी या माळावर नव्या वसाहतीचा आरंभ झाला. बेळगावहून आलेल्या कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी प्रथम तंबूंत आणि तात्पुरत्या आडोशांत दिवस काढले. आधी निवडुंग तोडायचे, मग पाया खणायचा. जमशेदजी टाटांचे स्वप्न असलेल्या पोलादनगरीची उभारणीही थोडी आधीच, १९०८ मध्ये, साकचीच्या रानात सुरू झाली होती. तेथे परदेशी तज्ज्ञ होते आणि जनतेने उभारून दिलेले मोठे भांडवल होते. येथे एक संस्थानिकाचे कर्ज आणि एका यांत्रिकावर विसंबून आलेली पंचवीस-तीस माणसे.

या माणसांविषयी लिहिल्याविना लक्ष्मणरावांचे चरित्र पुरे होत नाही. शंभोअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही त्यांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांची नावे. फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, पण हात यंत्रावर बसला तसा त्यांच्यातून कसबी अभियंता घडला. माणसाचा कागद पाहण्याऐवजी त्याचे काम पाहावे, ही लक्ष्मणरावांची पद्धत; स्वतःपाशी कागद नसलेल्या माणसाची ती असावी हे ओघानेच आले. वसाहतीच्या राखणीसाठी त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे धाडस वेडेपणाचे वाटले असेल. पण राखण चोख झाली. याच औंध संस्थानात पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरचा खुला तुरुंग निघाला आणि त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, हे वाचकांना ठाऊक असेल.

कारखाना लक्ष्मणरावांचा, तर गाव रामूअण्णांचे, अशी दोघा भावांत कामाची वाटणी झाली. घरे, रस्ते, पाणी, स्वच्छता, शाळा हा सारा व्याप रामूअण्णांनी सांभाळला. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी आल्यागेल्याचे आणि एकट्यादुकट्या कामगारांचे जेवणखाण पाहिले. कामाच्या आणि राहण्याच्या जागी जातीचा विटाळ चालणार नाही, असा वसाहतीचा दंडक होता. १९१० च्या दशकातील महाराष्ट्रात हे सोपे नव्हते. या वाडीच्या इतिहासात रामूअण्णा आणि राधाबाई यांच्या वाट्याला जेवढ्या ओळी येतात, त्यांहून कितीतरी अधिक यायला हव्यात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. विलायती नांगर येणे बंद झाले आणि किर्लोस्कर नांगराला मागणी वाढली. परंतु ज्या बोटींतून नांगर येत, त्याच बोटींतून लोखंडही येत असे. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, असा पेच पडला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या तोफांबद्दल आज हळहळ वाटेल. परंतु महागाईने आणि अवर्षणाने गांजलेल्या मुलखात त्या तोफांचा उपयोग नांगरासाठी व्हावा, असे एका राजाला वाटले यात नवल नाही. लक्ष्मणरावांना तोफेच्या लोखंडातून फाळ ओतायचा तर त्या लोखंडाचा स्वभाव नव्याने समजून घ्यावा लागला असणार. बाहेरून मिळेनाशा झालेल्या इतर वस्तूंसाठीही कारखान्याला पर्याय हुडकावे लागले. युद्ध संपले तेव्हा किर्लोस्कर नांगराचे नाव दूरवर पोहोचले होते.

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. शंकरराव, म्हणजेच शंवाकि, हे चित्रकार. नांगराची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच माळावरून निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी ज्या अंकांची वाट पाहिली, ते एका ओतशाळेच्या शेजारी छापले जात होते. चुलत्याच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याने असा उचलून धरला.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, रहाट, हातपंप अशी अवजारे तयार होऊ लागली. त्यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू बैलाच्या किंवा माणसाच्या बळावर चालणारी होती. १९२६ मध्ये कारखान्याने केंद्रोत्सारी पंप तयार केला आणि शक्तीचे स्वरूप पालटले. मोटेने पाणी काढायचे तर बैलजोडी, मोट हाकणारा आणि दारे धरणारा अशी सारी फौज दिवसभर राबे; तरी विहिरीचे पाणी जेमतेम थोड्या वाफ्यांना पुरे. पंपात एक पंख्यासारखे चक्र वेगाने फिरते, पाण्याला बाहेर फेकते आणि त्या वेगानेच पाणी नळातून वर चढते. त्याला जोडण्यासाठी तेलावर चालणारी एंजिने आली. महाराष्ट्राच्या बागायतीचा इतिहास लिहिताना या जोडीला टाळून पुढे जाता येणार नाही. आज भूगर्भातील पाणी खोल खोल जात असताना त्या प्रगतीची दुसरी बाजूही आपल्याला दिसते; पण मोटेवर उभे आयुष्य काढलेल्या शेतकऱ्याला पंपाचा पहिला फवारा पाहून काय वाटले असेल, तेही विसरता कामा नये.

याच १९२६ मध्ये त्यांचे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन परतले. पदवी नसलेल्या पित्याने मुलाला आणि पुतण्या माधवला १९२२ मध्ये एवढ्या दूर शिकायला धाडले होते. माधव क्षयाने दगावला. रामूअण्णा आणि लक्ष्मणराव यांच्या एकत्र कुटुंबावर हा आघात मोठा होता. परत आलेल्या शंतनुरावांनी पित्याच्या हाताखाली कामाला सुरुवात केली. एकाचे ज्ञान हातातून डोक्यात गेलेले, दुसऱ्याचे डोक्यातून हातात उतरायचे. मतभेद व्हायचे ते झाले असतील, परंतु लक्ष्मणरावांनी धुरा हळूहळू मुलाच्या खांद्यावर दिली. धंद्याचा संस्थापक स्वतःहून बाजूला होतो, हे दृश्य आपल्याकडे फार वेळा पाहायला मिळत नाही.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हटल्यावर नांगर आणि चरक यांची विक्री घटणारच. त्यावर उपाय म्हणून कारखान्याने पोलादी फर्निचरसारख्या शहरी वस्तूंकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेथसारख्या यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांची निकड भासली आणि १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक हे कारखाने उभे राहिले. या विस्ताराचे शिल्पकार मुख्यतः पुढच्या पिढीचे. त्याची कहाणी स्वतंत्र आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीही त्यातून सुटली नाही. ज्या माळावर निवडुंग तोडून घरे बांधली होती, तेथे आगी लागल्या. जातीचा विटाळ न पाळणारी वस्ती जातीच्याच नावाने जाळली जावी, यासारखा विपर्यास नाही. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बेळगावहून उठवले गेल्यानंतर त्यांनी नवे गाव वसवले होते; आता त्या गावालाच राखेतून पुन्हा उभे राहायचे होते. कारखाना सावरला आणि पुन्हा सुरू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले. शंवाकिंनी त्यांचे चरित्र लिहिले, त्याला ‘यांत्रिकाची यात्रा’ असे नाव दिले. उद्योगपती, कारखानदार, उद्योगमहर्षी असे अनेक शब्द हाताशी असताना पुतण्याने यांत्रिक हाच शब्द निवडला. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

बेळगाव आणि कुंडल यांच्यामध्ये पुढे राज्याची सीमा आली. बेळगाव कर्नाटकात गेले. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. पुणे-मिरज मार्गावरच्या त्या स्थानकाला मात्र आता कुंडल रोड म्हणत नाहीत. फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.